साखरेच्या पोत्यावर जे छापलेले नसते: वस्तूंवरची नैतिक चिन्हे कशी वाचावीत आणि पुढे काय करावे

दिवाळीच्या आधी मामाकडून साखर येते. मामा एका सहकारी कारखान्याचा सभासद आहे. सभासदांना सवलतीच्या दरात मिळणाऱ्या साखरेतली थोडी तो दरवर्षी आमच्याकडे पाठवतो. दोन वर्षांपूर्वी त्याने सबंध पोतेच धाडले. डबे भरता भरता मी ते पोते पहिल्यांदा नीट वाचले. कारखान्याचे नाव, एस-३० ही प्रत, गाळप हंगाम, निव्वळ वजन ५० किलो, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. सगळी माहिती खरी आणि जागच्या जागी. ऊस कुणी तोडला याबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचे आणि हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे दंड. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात तपासलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आहे, असे पुढे आले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, असे त्या बायकाच सांगत होत्या.

त्या दिवसापासून वस्तूंवरची चिन्हे मी वेगळ्या नजरेने वाचू लागले. हिरवा ठिपका, पान, बेडूक, ससा, झाड, तारे, हॉलमार्क. चांगली वस्तू घ्यावी, आपल्या पैशाने कुणाचे वाईट होऊ नये, असे मनापासून वाटणारी माणसे ही चिन्हे पाहून निर्धास्त होतात किंवा ‘सगळीच फसवणूक’ म्हणून सोडून देतात. मला दोन्ही पटत नाही. चिन्ह उपयोगी असते, पण ते एकाच प्रश्नाचे उत्तर देते आणि तो प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी निवडलेला असतो. आपला प्रश्न आपल्याला ठाऊक असेल तरच चिन्हाचा उपयोग होतो. तो ठरवण्यापासून चिन्ह जिथे संपते तिथून पुढच्या कामापर्यंतची वाट खाली मांडली आहे.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी आपला प्रश्न ठरवा

गेल्या महिन्याची किराण्याची बिले आणि वर्षभरातली कपड्यांची खरेदी समोर घ्या. एका कागदावर पाच शब्द लिहा: श्रम, जनावरे, जमीन-पाणी, शरीराला अपाय, पैसा कुणाच्या हातात. यांतले तुम्हाला खरोखर टोचणारे एक किंवा दोन निवडा. पाचही घेऊन बाजारात गेलात तर पहिल्याच फळीसमोर थकाल आणि नेहमीचेच पाकीट उचलून घरी याल.

निवड करावी लागते, कारण चिन्हांची कामे वाटलेली आहेत. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. सोने कोणत्या खाणीतून आले ते सांगत नाही. सिल्क मार्क रेशीम अस्सल असल्याचे सांगतो, विणकराच्या मजुरीबद्दल बोलत नाही. हँडलूम मार्कने कापड हातमागावर विणल्याची खात्री होते, पण रंगाचे पाणी कोणत्या ओढ्यात सोडले ते कळत नाही. सेंद्रिय चिन्ह खत-फवारणीपुरते असते. निंदणीला आलेल्या बाईला काय रोज मिळाला हा त्याचा विषयच नाही. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात दूध असू शकते, त्यामुळे गाय कशी ठेवली होती हे विचारणाऱ्याला त्यात उत्तर नाही.

यात चिन्हांचा दोष नाही. शुद्धतेचे प्रमाण पाहून आपणच मनात ‘चांगली वस्तू’ असे लिहून टाकतो, ती चूक आपली.

प्रश्न ठरल्यावर जिथे तुमचा पैसा सर्वांत जास्त आणि वारंवार जातो, तिथे तो लावा. वर्षातून एकदा घेतलेल्या चॉकलेटच्या डब्यावरचे चिन्ह तपासण्यात तास घालवायचा आणि रोज दोनदा होणाऱ्या चहाकडे पाहायचे नाही, हे उलटे झाले. आमच्या घरात ही यादी चहा, साखर, तेल, सुती कपडे, साबण अशी निघाली.

दुसरी पायरी: चिन्हामागे कोण उभे आहे ते पाहा

सगळी चिन्हे एका मापाची नसतात. काही कायद्याने सक्तीची असतात: शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह, सोन्यावरचा हॉलमार्क, फ्रिज-एसीवरचे तारे. काही सरकारी पण ऐच्छिक असतात, जसे हँडलूम मार्क किंवा १९९१ पासूनचे मडक्याचे चिन्ह असलेले इकोमार्क. मडके बाजारात क्वचितच दिसते. त्याचे नवे नियम २०२४ मध्ये आले आहेत. तिसरा प्रकार स्वतंत्र संस्थांच्या चिन्हांचा: उत्पादकाला रास्त भाव देण्याबद्दलचे फेअरट्रेड, रेनफॉरेस्ट अलायन्सचा बेडूक, जंगल सांभाळून मिळवलेल्या लाकडाबद्दलचे, कागदावर दिसणारे एफएससीचे झाड, सेंद्रिय कापडाचे गॉट्स, गालिच्यावरचे गुडवीव्ह. आणि चौथा प्रकार कंपनीने स्वतःच काढलेल्या पानाफुलांचा, ज्यामागे कंपनीचा चित्रकार सोडून कुणीही नसते.

कोणतेही चिन्ह दिसले की चार गोष्टी विचारा. नियम कुणी केले? तपासायला कोण जातो? तपासणाऱ्याचे पैसे कोण देतो? आणि नियम मोडल्याचे सापडले तर काय होते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘ज्याला तपासायचे तोच’ असे येते. प्रमाणपत्र हवे असलेला कारखाना तपासणी संस्थेची फी भरतो. यातून काय होऊ शकते त्याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार गेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. आग कशी लागली यावर पुढे वर्षानुवर्षे खटला चालला. पण त्या कारखान्याला कामगारांच्या सुरक्षिततेचे एसए-८००० हे नावाजलेले प्रमाणपत्र आगीच्या काही आठवडेच आधी मिळाले होते. बंद दरवाजे तपासणीच्या कागदावर कसे उतरले नाहीत, हा प्रश्न त्या माणसांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षे विचारला. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आपल्याकडे आहे. इथे त्या नावापायी माणसे दारे ठोठावत मेली.

म्हणून चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी संस्था स्वतःकडची फसवणूक शोधून जाहीर करते, प्रमाणपत्रे रद्द करते, तिच्यावर माझा विश्वास थोडा वाढतो. २०२० मध्ये गॉट्सनेच जाहीर केले की भारतातून आलेल्या सुमारे २०,००० टन ‘सेंद्रिय’ कापसाची कागदपत्रे बनावट होती, आणि संबंधित कंपन्यांवर बंदी घातली. बातमी वाचून अनेकांनी ‘बघा, सगळे खोटे’ असे म्हटले. मी ती उलट वाचली: लबाडी पकडणारा कुणीतरी तिथे बसलेला आहे.

चांगल्या चिन्हाचे उदाहरण द्यायचे तर गालिच्यांचे देईन. भदोही-मिर्झापूर पट्ट्यात गालिचे विणायला लहान मुले बसवली जात. कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये रगमार्क हे चिन्ह सुरू केले. तेच आज गुडवीव्ह म्हणून ओळखले जाते. यात तपासनीस न सांगता मागापाशी जातात, मूल सापडले तर त्याला सोडवून शाळेची सोय करतात, आणि प्रत्येक गालिच्याच्या मागे स्वतंत्र क्रमांकाची पट्टी शिवलेली असते. प्रश्न एकच आहे, पण उत्तर शेवटपर्यंत नेलेले आहे.

तिसरी पायरी: क्रमांक शोधा आणि पडताळून पाहा

हे काम मोबाईलवर दोन मिनिटांत होते. चिन्ह कुणीही छापू शकतो. क्रमांक खोटा असला तर पकडता येतो. क्रमांक नसलेले चिन्ह मी नुसते चित्र समजते.

सोने घेताना दागिन्यावर तीन खुणा भिंगातून दाखवायला सांगा: बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला ९१६) आणि अक्षरे-आकड्यांचा सहा खुणांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. अंगठीचा क्रमांक टाकल्यावर ‘कानातले’ असे दिसले तर तिथेच थांबा.

फ्रिज-एसीच्या ताऱ्यांच्या चिठ्ठीवर कालावधी छापलेला असतो; तो वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे पाच तारे आजचे पाच नसतात. वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडाही तिथेच असतो, आणि माझ्या मते ताऱ्यांपेक्षा तोच जास्त कामाचा.

वह्या, टिश्यू, पुठ्ठ्याची खोकी यांवर झाडाच्या चिन्हाशेजारी एफएससी-सी आणि सहा आकडे असतात. एफएससीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की नाही ते कळते. शंभर टक्के, मिश्र आणि पुनर्वापरातले असे तीन प्रकार आहेत. ‘मिश्र’मध्ये प्रमाणित जंगलाबाहेरचे, पण काही किमान अटी पाळलेले लाकूडही असते. गॉट्सच्या कापडावर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक हवाच. तिथेही दोन पायऱ्या आहेत: किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा असेल तर ‘सेंद्रिय’, आणि किमान ७० टक्के असेल तर ‘सेंद्रिय धागा वापरून केलेले’.

चहा, कोको, पाम तेल यांच्या चिन्हाखाली बारीक अक्षरांत ‘मास बॅलन्स’ किंवा ‘मिश्र’ असे काही लिहिलेले असेल, तर ते समजून घ्या. डेअरीत दहा घरांचे दूध एकाच टाकीत पडते. त्यातल्या तीन घरांनी चांगला चारा घातला असेल, तर तेवढ्या लिटरपुरते चिन्ह लावायचे, असा हा हिशेब आहे. तुमच्या पिशवीतले दूध त्याच तीन गायींचे असेल असे नाही, पण वहीतले लिटर जुळतात आणि त्या तीन घरांना त्यांचा जास्तीचा भाव मिळतो. मला यात गैर वाटत नाही. फक्त आपण नक्की काय विकत घेतोय ते कळलेले बरे.

सेंद्रिय अन्नाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. पाकीटबंद सेंद्रिय पदार्थावर जैविक भारतचे चिन्ह हवे. त्यामागे दोन वाटा आहेत. एक एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची: बाहेरची संस्था येऊन तपासते, ती खर्चिक असते आणि निर्यातीलाही चालते. दुसरी पीजीएस-इंडियाची: गावातले शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ लिहिले असेल तर शेत अजून सेंद्रियकडे वळतेय. ‘ऑरगॅनिक’ लिहिले असेल तर ते पूर्ण वळलेले आहे. ग्रीन हा शब्द जास्त चांगला वाटतो, म्हणून अनेकजण फसतात.

आणि ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याचे काय? थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. फक्त जैविक भारतचे चिन्ह त्याला लावता येत नाही. म्हणजे बाजारात एक खरा सेंद्रिय माल चिन्हाशिवाय बसलेला असतो आणि एक खोटा माल सुंदर पान छापून बसलेला असतो.

मला हे गुळावरून कळले. आमच्या भागातल्या एका दुकानातून मी वर्षभर गडद तपकिरी ‘सेंद्रिय’ गूळ घेत होते. पाकिटावर पान होते, क्रमांक नव्हता. विचारले तर दुकानदार म्हणाले, “ताई, रंग बघा ना, काळा आहे म्हणजे केमिकल नाही.” तेवढ्यावर मी वर्षभर समाधानी होते. पुढे एका गुऱ्हाळावर जाणे झाले. पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रोस पावडर टाकतात हे खरे, आणि ती टाकली नाही तर गूळ गडद होतो हेही खरे. पण मळी काढायला काय वापरले आणि उसाला शेतात काय दिले, हे ढेपेच्या रंगावरून कुणालाच सांगता येणार नाही. तिथला माणूस रानभेंडीचा चिकट रस काहिलीत सोडून वर आलेली मळी झाऱ्याने काढत होता. तो म्हणाला, “आमच्याकडं सर्टिफिकेट न्हाई, पण फडात चला, दावतो.” त्याच्याकडे पान नव्हते, बोलावणे होते. आता गूळ तिथूनच येतो. इमारतीतली सहा घरे मिळून मागवतो, म्हणजे वाहतूक परवडते.

चौथी पायरी: गोड शब्द गाळून घ्या

‘नैसर्गिक’, ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘केमिकल-फ्री’ हे शब्द वाचताना एकच करा: पुढे ‘म्हणजे नक्की काय?’ असे लावा. उत्तर पाकिटावर नसेल तर तो शब्द नाही असे समजा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली: पर्यावरणाचा असा मोघम दावा करणाऱ्याने त्याचा अर्थ आणि पुरावा द्यायला हवा. त्यामुळे विचारणे हा आता केवळ तुमचा चौकसपणा राहिलेला नाही.

काही नेहमीचे गैरसमज. बाणांच्या त्रिकोणातला आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. तुमच्या गावात ते पुन्हा वापरात जाईल असे वचन त्यात नाही. ‘कंपोस्टेबल’ पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख हवा. नसेल तर ती साधी प्लॅस्टिकची समजा. भारतात प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी २०१४ पासून बंद आहे, त्यामुळे इथे बनलेल्या क्रीमवर ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहिणारा बराचसा कायदाच पाळल्याचे सांगतो. शिवाय चाचणी नसणे आणि प्राणिज घटक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सीआय ७५४७० (घटकांच्या यादीत रंग असे क्रमांकाने लिहितात) हा लाल रंग किड्यांपासून येतो.

त्याच घटकांच्या यादीत सीआय ७७०१९ दिसतोय का, तेही पाहा. तो अभ्रक. लिपस्टिक, आयशॅडो, चमकणारी टूथपेस्ट यांतली चमक त्याची. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात अभ्रकाचे तुकडे वेचायला लहान मुले खड्ड्यांत उतरतात, हे अनेक वर्षांपासून नोंदले गेले आहे. पाकिटावर यासाठी चिन्ह नसते, फक्त हा पाच आकड्यांचा क्रमांक असतो. पुढची पायरी अशाच वस्तूंसाठी आहे.

पाचवी पायरी: जिथे चिन्ह नाही तिथे विचारा

पाकीटबंद वस्तूवर ग्राहक सेवेचा पत्ता, फोन आणि ईमेल छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याचा उपयोग आपण फक्त झाकण तुटले तर करतो. मी अशा मजकुराचे पत्र पाठवते, हवे तर उतरवून घ्या:

“मी तुमची अमुक वस्तू दोन वर्षांपासून वापरते. तिच्या घटकांत सीआय ७७०१९ आहे. कृपया कळवा: (१) हा अभ्रक कोणत्या राज्यातून किंवा देशातून येतो? (२) तो वेचण्यात बालकामगार नाहीत याची खात्री तुम्ही कशी करता? (३) ही तपासणी कोण करते आणि तिचा अहवाल कुठे वाचता येईल? उत्तर मिळेपर्यंत मी ही वस्तू घेणे थांबवले आहे. माहिती मिळाल्यास मला पुन्हा घ्यायला आवडेल.”

शेवटची दोन वाक्ये गाळू नका. नुसता राग कळवणारे पत्र तक्रारींच्या ढिगात जाते. गिऱ्हाईक परत येऊ शकते असे दिसले तर ते कुणाच्या तरी टेबलावर पोहोचते. मी पहिले पत्र पाठवले तेव्हा “आम्ही सर्व नियमांचे पालन करतो” एवढेच उत्तर आले. मी तेच तीन प्रश्न क्रमांकांसह पुन्हा पाठवले. महिन्याने खरेदी विभागाकडून पुरवठादाराच्या राज्याचे नाव आले, दुसऱ्या-तिसऱ्याचे उत्तर आले नाही. म्हणून ती वस्तू अजून बंद आहे. तुमच्या वहीत तारीख, प्रश्न, उत्तर असे तीन रकाने करा; सहा महिन्यांनी कोण बोलते आणि कोण टाळते ते आपोआप दिसते.

एकट्याच्या पत्रापेक्षा वीस घरांचे पत्र जड. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदी करते; ती रचना आपल्याकडे हाताशी आहे. कोणता माल घ्यायचा हे जिथे मिळून ठरते, तिथे हे प्रश्नही मिळून विचारता येतात.

दावा सरळ खोटा असेल, म्हणजे क्रमांक बनावट किंवा चिन्ह परवान्याशिवाय लावलेले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. बिल, पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि पडताळणीच्या पानाचा फोटो ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे झाले, तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

सहावी पायरी: किती करायचे ते ठरवा

या वाटेवर चांगली माणसे दोन खड्ड्यांत पडताना मी पाहिली आहेत. एकाला प्रत्येक घासात पाप दिसू लागते. दुसरा चिन्हाची वस्तू घेतली की आपले कर्तव्य संपले समजतो आणि न घेणाऱ्या शेजाऱ्याकडे तुच्छतेने पाहतो.

महिन्याच्या शेवटी पगार पुरत नाही त्या घराने फेअरट्रेड चहा घेतला नाही, तर त्या घराची नीती तसूभरही कमी होत नाही. जबाबदारी ऐपतीप्रमाणे असते. ज्याच्या हातात जास्त पर्याय, त्याच्यावर जास्त. माझी तीन मापे अशी आहेत. आधी कमी घ्या आणि जास्त वापरा: दोनशे वेळा नेसलेली साधी साडी दोनदा घातलेल्या सेंद्रिय कुर्त्यापेक्षा जमिनीला हलकी. मग वर्षाला एक वस्तू बदला, एकदम दहा नाही. आणि चिन्ह परवडत नाही म्हणून छोट्या बनवणाऱ्याला वगळू नका. येवल्यात घरच्या मागावर विणणाऱ्याकडे चार प्रमाणपत्रे नसतील, पण त्याच्या मागापाशी बसून तुम्ही पाहू शकता, मजुरी विचारू शकता, पैसे थेट त्याच्या हातात देऊ शकता. प्रमाणपत्राचा खर्च मोठ्याला सहज झेपतो आणि लहानाला झेपत नाही, हा या सगळ्या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे. तो आपल्या खरेदीने आणखी वाढू नये.

सातवी पायरी: पाकीट खाली ठेवल्यावर

पुन्हा साखरेकडे येते. ते पोते वाचल्यावर माझा पहिला विचार साखर बंद करण्याचा होता. तो टिकला नाही. मी चहात साखर घातली नाही म्हणून फडातल्या बाईचा खाडा माफ होत नाही. तिला काम हवे आहे. अटी माणसासारख्या हव्यात. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला, तो गिऱ्हाइकांच्या बहिष्काराने नव्हे. संघटनांनी कोयता बंद ठेवण्याची तयारी दाखवली आणि कारखान्यांच्या साखर संघाला बसून बोलावे लागले, म्हणून वाढला.

माझ्या घरावर कुणी श्रमाचे चिन्ह लावायला आले तर काय तपासेल, हेही मी त्याच आठवड्यात लिहून काढले. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना पगारी साप्ताहिक सुट्टी नव्हती. आजारपणाचे पैसे कापले जात नव्हते, पण ते आमच्या मर्जीवर होते, ठरलेले नव्हते. आता महिन्याला चार सुट्ट्या आणि वर्षाला पंधरा दिवस आजारपणाचे, असे कागदावर आहे. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. फडातला खाडा वाचून मला चीड आली होती. घरातला हिशेब मात्र मी त्याआधी कधी मांडलाच नव्हता.

आणि मग मामा. १९५० मध्ये प्रवरानगरला राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. आज महाराष्ट्रातल्या हजारो घरांत कारखान्याचा एखादा सभासद असतो: वडील, काका, सासरे. म्हणजे साखरेच्या बाबतीत आपण केवळ गिऱ्हाईक नाही, थोडे मालकही आहोत. मालकाला पाकिटावरच्या चिन्हाची वाट पाहावी लागत नाही. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची नोटीस आणि अहवाल सभासदाला मिळतो. लेखी प्रश्न किती दिवस आधी द्यायचे ते नोटिशीत लिहिलेले असते. त्या मुदतीत ते कार्यकारी संचालकांच्या नावे देऊन पोच घ्यायची.

मामाला मी चार प्रश्न लिहून दिले. आपल्या कारखान्याच्या तोडणी कामगारांच्या वस्तीवर पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी शौचालये किती? हंगामात तिथे डॉक्टर किती वेळा गेला? मुलांसाठी साखरशाळा आहे का, आणि पटावर किती मुले आहेत? मुकादमाशी केलेल्या करारात खाड्याची रक्कम लिहिली आहे का?

मामा आधी बिचकला. चाळीस वर्षे सभासद, पण सभेत दर आणि डिझेल सोडून काही विचारलेले नव्हते. शेजारच्या दोन सभासदांच्या सह्या मिळाल्यावर त्याने अर्ज दिला. सभेत उत्तर आले: दोन पाण्याच्या टाक्या दिल्या आहेत, शौचालयांचा प्रस्ताव आहे, साखरशाळा पुन्हा सुरू करण्याचा विचार आहे. खाड्याबद्दल ‘तो मुकादम आणि मजुरांमधला विषय’ एवढेच. यंदाच्या अर्जावर सात सह्या आहेत. पहिला प्रश्न शौचालयांच्या प्रस्तावाची तारीख विचारतो, दुसरा साखरशाळेचा पट, आणि तिसरा अजून खाड्याचाच आहे: कराराची प्रत सभासदांना पाहायला कधी मिळेल?